तीन इंच जास्त

“पाय टेकतायत का बघ,” मिस्त्री म्हणाला.

चिंगीने पायांकडे पाहिलं. हातांनी चालवायच्या त्या तीनचाकी सायकलवर ती मागे रेलून बसली होती. पुढे पाय ठेवायच्या दोन पट्ट्या होत्या आणि तिचे पाय त्यांच्या बरेच अलीकडे संपले होते.

“नाही टेकत.”

मिस्त्रीने पट्ट्यांचा पाइप आत ढकलला. तो थोडा सरकला आणि खट्कन अडला. “संपलं. अजून तीन इंच आत जायला हवं. माप कुणी घेतलं हो हे?”

चिंगीचे वडील, मास्तर, शेडच्या भिंतीला टेकून उभे होते. सकाळपासून दोन बस बदलून, चौदा वर्षांच्या मुलीला चाकाच्या खुर्चीसकट चढवून-उतरवून त्यांच्या पाठीचं पार लाकूड झालं होतं.

“मीच,” ते म्हणाले.

“तुम्ही तर टेलर ना?”

टेलरच होते, म्हणून तर हे झालं. तीन वर्षांपूर्वी सरकारी कचेरीत या सायकलचा अर्ज भरताना मापं घेणारा माणूस रजेवर होता. खिडकीतल्या बाई म्हणाल्या होत्या, “तुम्ही टेलर आहात, मग तुम्हीच घ्या की! तुमच्याइतकं बरोबर कोण घेणार?” मास्तर फुशारले होते. त्यांना काही येतं असं कचेरीत कुणी समजण्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

त्यानंतर तीन वर्षं नुसते हेलपाटे. कधी फोटो जुना झाला, कधी साहेब मीटिंगला, एकदा तर फाइलच जिन्याखालच्या कपाटात सापडली. चाकाची खुर्ची सहा महिन्यांत मिळाली होती, कारण ती गरज. सायकल म्हणजे करमणूक. साहेबांनी विचारलंही होतं, “खुर्ची आहे ना? मग सायकलवरून कुठे जायचंय तिला?”

“कुठेच नाही साहेब,” मास्तर म्हणाले होते. “नुसतं फिरायचंय. बाकीची पोरं फिरतात तसं.”

साहेबांना हे पटायला दीड वर्ष लागलं.

“आता काय करायचं?” मास्तरांनी मिस्त्रीला विचारलं.

“परत पाठवू. नवीन माप, नवीन अर्ज.”

“किती दिवस लागतील?”

“दिवस?” मिस्त्री हसला, पण मास्तरांचा चेहरा बघून त्याने लगेच हसू आवरलं. मग पाइपवर टिचकी मारून म्हणाला, “नाहीतर हा कापू. दहा मिनिटांचं काम. पोरगी आत्ता चालवेल. पण एकदा कापला की कापला. उद्या हिचे पाय वाढले तर पाइप पुरायचा नाही. मग माझ्या नावाने बोंब मारायची नाही, सांगून ठेवतो.”

उभ्या जन्मात मास्तरांनी शिवणीत वाढीव कापडाची माया ठेवल्याशिवाय कापडाला कात्री लावली नव्हती. शाळेचा गणवेश म्हटला की खाली तीन इंच दुमड ठेवायचीच. पोरं काय, बघता बघता वाढतात. डॉक्टर अर्जाच्या वेळीच म्हणाले होते, कमरेखाली वाढ फारशी व्हायची नाही. ‘फारशी’ म्हणजे थोडी तरी होईलच की, असं मास्तरांनी मनाशी धरलं होतं.

“बाबा,” चिंगीने सीटवरूनच विचारलं, “तुम्ही जास्त लिहिलं होतं?”

“अगं, वाढतं वय तुझं. मला वाटलं, सायकल येईपर्यंत...”

“पाचवीतली पँट मला अजून लांबीला होते, बाबा.”

ती हे रागाने बोलली नाही, हेच मास्तरांना जास्त लागलं. ती पँट त्यांनीच शिवली होती. कमरेला त्यांनी ती तीनदा वाढवून दिली होती. खालच्या दुमडीला मात्र हात लावावा लागला नव्हता. हातातून दरवर्षी जाणारं कापड, आणि ते आपण एकदाही नीट बघितलं नाही, की बघायचं टाळलं? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“काका, कापा,” चिंगी मिस्त्रीला म्हणाली.

मिस्त्रीने मास्तरांकडे पाहिलं. “इथे पालकांची सही लागते.”

मास्तर पुढे आले. सही करण्याआधी ते खाली बसले, मिस्त्रीकडची टेप मागून घेतली आणि मुलीचा पाय कमरेपासून टाचेपर्यंत मापला. पुन्हा एकदा मापला. मग आकडा सांगितला.

“यात काही धरलंय का वाढीचं?” मिस्त्रीने खात्री करून घेतली.

“नाही. आहे तेवढाच आहे.”

करवतीच्या यंत्राचा कर्कश आवाज शेडभर झाला. चिंगीने कानांत बोटं घातली आणि ती हसली.

पाय पट्ट्यांवर बसले. मिस्त्रीने पट्टे आवळले, ब्रेक दाखवला, दार उघडून दिलं. बाहेर सिमेंटचं मोठं आवार होतं. पहिल्या फेरीत ती दोनदा कुंपणाला धडकली. दुसऱ्या फेरीत तिला वळण जमलं. तिचे खांदे असे पुढे-मागे जाताना मास्तरांनी कधी बघितले नव्हते. चांगले रुंद झाले होते ते, आणि हे माप कुणी कधी मागितलंच नव्हतं.

शेड झाडता झाडता मिस्त्रीने कापलेला तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला. “हा घ्या. नाहीतर टाका तिकडे भंगारात.”

पाइपचा तुकडा अजून गरम होता. मास्तर तो मुठीत धरून दारात उभे राहिले.

“बाबा, बघा ना! किती जोरात!” तिसऱ्या फेरीत चिंगी ओरडली.

मास्तरांनी तुकडा धरलेला हात वर करायला घेतला. मग तो तसाच पाठीमागे नेला आणि दुसरा हात वर केला.