बोट ठेवायला जागा

आमच्या दादाला मोठा आकडा दिसला की त्याचं भान सुटतं. पंखा आणायला गेला तर दुकानातला सगळ्यात जोरात फिरणारा घेऊन आला. त्यामुळे नव्या यंत्रासाठी हाय-स्पीड ऑप-अँप निवडायचा विषय निघाला, तेव्हाच मी कपाळाला हात लावला.

ऑप-अँप म्हणजे नखाएवढी चिप. दुबळा सिग्नल एका बाजूने आत घालायचा, तो दुसरीकडून मोठा होऊन बाहेर येतो. आमचं, म्हणजे दादाचं आणि माझं, छोटंसं वर्कशॉप आहे आणि तिथे तेव्हा जमिनीखाली तुटलेली केबल शोधायचं यंत्र बनत होतं. केबलमध्ये विजेचा एक झटका सोडायचा. तुटल्या जागेवर आपटून तो परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून कुठे खणायचं ते कळतं. परत येणारा झटका इतका बारीक आणि इतका चपळ असतो की सुस्त चिपला तो आला कधी नि गेला कधी, पत्ताच लागत नाही. तो आम्हाला पाचपट मोठा करायचा होता.

"ही मधली घेऊ," मी म्हटलं. "आपल्या कामाला पुरून उरेल."

"मधली?" मी शिळं वाढल्यासारखं तोंड केलं त्याने. "ही बघ, हिचा वेग चौपट आहे!"

"त्याच पानावर खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय तेही वाच की. सिग्नल निदान दहापट करणार असाल तरच ही शांत राहते. आपल्याला पाचपट हवाय. ही आपली आपणच थरथरत बसेल."

"बारीक अक्षरं वाचायची असती तर वकील झालो असतो."

माझं डोकंच फिरलं. "दर वेळी तूच का रे निवडायचं? मी काय नुसती तुझ्या होला हो करायला आहे इथे?"

"बरं बाई! ताईंनी यंत्र पास केलं तर पार्ट निवडायचं काम कायमचं माझं. नापास झालं तर कायमचं तुझं. मग तर झालं?"

"झालं!"

ताई म्हणजे आमच्या गिऱ्हाईक, केबल दुरुस्त करायची कंत्राटं घेणाऱ्या. त्या यायच्या सकाळी दादाने आपली लाडकी चिप बसवली आणि बटण दाबलं. केबल अजून जोडलीसुद्धा नव्हती, तरी पडद्यावर वेड्यावाकड्या रेघांचं नुसतं गवत माजलेलं. दादाची पाचावर धारण बसली. मला, खोटं कशाला बोलू, आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"बघ, ही इथे थरथरतेय," असं म्हणून मी दाखवायला गेले आणि माझं बोट चिपच्या पायांना लागलं. पडदा एकदम साफ झाला. बोट काढलं की गवत, ठेवलं की साफ. बोटाने तिचा वेग जरासा दाबला जात होता. दादाने आपलं बोट ठेवून पाहिलं, पण त्याच्या जाडजूड बोटाखाली खरा सिग्नलही गुदमरला.

तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"बोट काढू नकोस," दादा कुजबुजला. "पाया पडतो तुझ्या."

म्हणजे स्वतःची हार स्वतःच्याच बोटाने धरून ठेवायची! पण त्याचा तो रडवेला चेहरा बघवेना. मेला माकड असला तरी भाऊ आहे. मी यंत्राच्या उघड्या डब्यात बोट घालून उभी राहिले.

ताई चिखलाच्या बुटांनीच आत आल्या. "ही काय करतेय?"

"चिपचा ताप बघतेय," दादा म्हणाला.

"यंत्राला ताप येतो?"

"किंचित कणकण," मी म्हटलं.

ताईंनी सोबत केबलचं भेंडोळं आणलं होतं. ती आतून कुठे तुटलीय ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. दादाने केबल जोडली, पडद्यावर सुबक एकच उंचवटा आला आणि यंत्राने नेमकी जागा दाखवली.

"वा!" ताई खूश झाल्या. "बोट ठेवायला जागा नाही हो!"

मी खोकल्याचं सोंग घेतलं. दादा छत न्याहाळायला लागला.

"आत्ताच घेऊन जाते. माझी माणसं खड्ड्यापाशी खोळंबलीत."

"आत्ता?" दादा गांगरला. "मग हिलाही न्या. म्हणजे, शिकवायला."

"आणि उद्यापासून?" ताईंनी विचारलं.

"येईल की रोज. तिचं इथे काय अडलंय?"

हे तो गमतीने बोलला नव्हता. घाईत मनातलं ओठांवर आलं होतं. मला ते फार लागलं. इतकी वर्षं एका टेबलावर काम करून माझं इथे काही अडतच नाही?

"ताई," मी म्हटलं, "जागा आहे. ही बघा." आणि बोट उचललं.

पडदाभर गवत. ताई एकदा पडद्याकडे बघत, एकदा आमच्याकडे. "हा काय प्रकार आहे?"

मी दादाकडे बघितलं. चिप जोडणारा सोल्डरचा टाका कच्चा राहिला असेल, असं म्हणून दादाला सुटता आलं असतं, आणि सोल्डर मी मारते. त्याने मान खाजवली. घसा खाकरला.

"चिप मी निवडली," तो म्हणाला. "ही नको म्हणत होती. मी ऐकलं नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा," ताई खुर्ची ओढून बसल्या. "मला यंत्र चालू हवंय. बरोबर चिप कुठली?"

सवयीने दादाने तोंड उघडलं. मग मिटलं. पार्टचा ट्रे त्याने हळूच माझ्यासमोर सरकवला.

"कुठली बसवायची गं?"

उत्तर माझ्या जिभेवरच होतं. पण हा प्रश्न त्याने मला जन्मात पहिल्यांदा विचारला होता.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "परत विचार."