म्हाताऱ्यांना नाही म्हणत नाहीत

"बसा हो," सिस्टर आईला पुन्हा म्हणाल्या.

डायलिसिसच्या खोलीतलं एक मशीन बंद पडलं होतं, आणि अशा दिवशी इथे म्हातारी माणसं आपोआप मागे सरकत. कुणी त्यांना नाही म्हणत नसे, नुसतं बसवून ठेवत. मग वेळ संपे आणि उद्या या म्हणत.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. आईच्या रक्तातलं पोटॅशियम सकाळी मीच मोजलं होतं, फार वाढलेलं. उद्यापर्यंत तिचं हृदय ते सोसेल, याची मला खात्री नव्हती.

"वयावरून उपचार नाकारता येत नाहीत, सिस्टर. कायदा आहे तसा."

"मी नाकारले का?"

"नाकारा ना मग! नकाराची तक्रार तरी करता येईल. 'बसा'ची काय करू?"

"तो आजींच्या नंतर आलाय, मान्य," मशीनजवळच्या खुर्चीतल्या तरुणाकडे पाहत त्या हळूच म्हणाल्या. "पण त्याचं पोर अजून रांगतंय. तुम्हीच सांगा."

त्याचा रिपोर्ट मी पाहिला होता. तो आईच्या रिपोर्टपेक्षा बरा होता, पण फार नाही.

आईने माझा हात ओढला. "जाऊ दे गं. तरणाताठा आहे."

"जन्मभर बसमध्ये कंडक्टर होतीस. म्हाताऱ्यांच्या सीटवरून पोरांना दटावून उठवायचीस ना?"

"तेव्हा मी उभी असायचे. स्वतःसाठी उठवायचं म्हणजे लाज वाटते बाई."

"मग माझ्यासाठी उठव."

आई भिंतीला धरून, सुजलेले पाय ओढत त्या खुर्चीपाशी गेली.

"बाळा, उठतोस का? पाळी माझी आहे."

त्याने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर ट्रेमधल्या सुया नीट लावत राहिल्या. तो उठला. आईला बसायला हातही दिला.

मशीन सुरू झालं. नळीतून आईचं रक्त जाताना दिसलं, तरी माझा पाय एका जागी ठरेना. बाहेर बाकावर त्या तरुणाची बायको पोराला मांडीवर घेऊन बसली होती.

"चला," मी तिला म्हणाले, "मोठ्या साहेबांकडे जाऊ. ते बंद मशीन आजच्या आज सुरू करायला लावू. तुमच्या मिस्टरांचाही हक्क आहे."

ती उठली नाही.

"तुमचं झालं ना, ताई," ती म्हणाली.

मी एकटीच जिना चढू लागले.