खंडेनवमीला घरी राहिलेला ग्लव्ह

मित्रांनो, माझ्यावरचं हळदकुंकू बघून हसू नका. मी देव नाही, बेसबॉलचा एक जुना चामडी ग्लव्ह आहे.

२००१ साली वेनने मला घेतलं, तेव्हा मी इतका कडक होतो की त्याची बोटं आत जाईनात. त्याने मला तेल चोळलं, पोटात चेंडू कोंबून गादीखाली दाबलं. हळूहळू मी त्याच्या हाताचा झालो.

वेन पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. छोट्या गावांच्या छोट्या टीम त्याला घ्यायच्या आणि हंगाम संपला की नारळ द्यायच्या. आज ओहायो, उद्या टेक्सास! जिंकला की पोरं त्याची सही मागायची; मला कोण विचारतंय? पण बसमध्ये तो मला उशाशी घ्यायचा. त्याला तरी दुसरं कोण होतं!

२००८ मध्ये आम्ही शिकागोजवळच्या शॉमबर्गला आलो. तिथे खेळाडूंना गावातली कुटुंबं ठेवून घेतात. आम्हाला अहिल्याकाकू आणि मनोहरकाकांनी ठेवलं. हंगाम संपला, टीमने वेनला सोडलं, तरी काकू त्याला जाऊ देईना.

ऑक्टोबरात टेक्सासच्या एका टीमने ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला बोलावलं. ही शेवटची संधी, हे वेनलाही कळत होतं. नेमकी निघायच्या दिवशी खंडेनवमी! काकूने सुरी, काकांचा लॅपटॉप आणि मला देवापुढे मांडलं.

"अगं, चामडं देवापुढे?" काका म्हणाले.

"त्याच्या पोटापाण्याचं अवजार आहे ते!"

वेन बॅग घेऊन आला. काकू त्याला म्हणाली, "आज अवजार उचलायचं नाही हं. रेस्ट द्यायची. तुझ्याच भल्याचं आहे."

वेनला शकुनांचं भारी वेड. मैदानातली पांढरी रेघसुद्धा तो कधी तुडवायचा नाही. त्याने मला हात जोडले आणि निघून गेला. अरे, मला ने की रे!

दुसऱ्याचा ग्लव्ह घालून तो खेळला आणि टीमने त्याला घेतलं. काकूने फोनवर विचारलं, "तुझा ग्लव्ह कुरिअर करू?"

"नको काकू. हा लकी आहे. आता बदलणार नाही."

तेव्हापासून मी देवघराशेजारी आहे. काकू रोज प्रेमाने धूळ पुसते. पण आत कुणाचा हात येत नाही, मित्रांनो. तुमच्याकडे अशी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला नमस्कार करू नका, वापरा.

वेन जिंकतोय म्हणे. मला आनंद आहे हो. पण त्याच्या हाताशिवाय करमत नाही.