डावीकडे कललेला गेमपॅड

मी व्हिडिओ गेम खेळायचा एक जुना गेमपॅड आहे, मित्रांनो. निदान मला तरी तसं वाटतं. इंदूरच्या मल्हारगंजातल्या ज्या घरात मी राहतो, तिथे माझ्या नावाबद्दल एकमत नाही. शमिका मला कंट्रोलर म्हणते. तिच्या आई सरोजिनीबाई मला रिमोट म्हणतात आणि टीव्हीच्या रिमोटशेजारी ठेवतात. तिचे आजोबा अप्पासाहेब मला 'शमीचं हत्यार' म्हणतात. एकाच आठवड्यात मी पूजेच्या पाटावर बसलो आणि कचऱ्याच्या पिशवीतही पडलो. मला दोन्हीकडे नेणारी माणसं घरचीच होती आणि दोघांचाही हेतू चांगला होता. तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालं आहे. तुम्हाला सगळं सांगतो, तुम्हीच काय ते ठरवा.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. एका बोटाने माझं प्रत्येक बटण दोनदा दाबून पाहिलं, अंगठ्याने हलवायच्या माझ्या दोन्ही दांड्या गोल फिरवल्या आणि पोटावर एक चिकटपट्टी लावली. तिच्यावर काय लिहिलं होतं, ते मला आजही माहीत नाही. पुढे मी राजवाड्याजवळच्या एका दुकानात चार्जर आणि मोबाइलची कव्हरं यांच्यामध्ये लटकत राहिलो. एके दिवशी कॉलेजात जाणारी एक मुलगी आली. तिने सात गेमपॅड हाताळून खाली ठेवले आणि आठवा, म्हणजे मी, तिच्या हातात राहिलो. दुकानदार म्हणाला, "ले जाओ बेटा, मक्खन चलता है." माझं एवढं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. ती मुलगी म्हणजे शमिका.

मला वाटलं होतं, आता आपण खेळणार. पण शमिका खेळ खेळत नव्हती, ती खेळ तयार करत होती. एकटीने. चित्रं तिचीच, गणितं तिचीच, आवाजही तिचेच. तिच्या खेळात पूर्वा नावाची एक तीरंदाज मुलगी होती. समोर उंच कडा, खाली खोल दरी. पूर्वाने बाण मारायचा, तो कड्यात रुतला की त्या बाणावर उडी मारून उभं राहायचं, तिथून पुढचा बाण मारायचा आणि असं करत करत वर चढायचं. बाण चुकला की पाय ठेवायला जागा नाही. मग पूर्वा दरीत पडे आणि सगळं पहिल्यापासून. पहिल्या दिवशी आम्ही एकशे चाळीस वेळा पडलो. मला वाटलं, आता ही मला दुकानात परत करणार. पण ती आनंदाने टाळ्या वाजवत होती. मित्रांनो, पडल्यावर टाळ्या का वाजवतात, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही नीटसं कळलं नाही.

अशी चार वर्षं गेली. कॉलेज संपलं. माझ्या बटणांवरची अक्षरं पुसली गेली. पूर्वाला हलवायला आणि नेम धरायला माझी डावी दांडी होती आणि बाण सोडायला मागचा चाप. कड्यावरची वाट डावीकडे वळत वर जाई, म्हणून शमिकाचा अंगठा माझी दांडी सतत डावीकडे ओढे. हजारो वेळा, लाखो वेळा म्हटलं तरी चालेल. हळूहळू ती दांडी सोडल्यावरही जराशी डावीकडेच राहू लागली. मला ते समजलं नाही. आपलं अंग वाकतंय हे आपल्याला कुठे दिसतं?

शमिकाला फक्त एवढं दिसलं की, पूर्वा उभ्या उभ्या डावीकडे घसरते. "माझंच काहीतरी चुकलंय," असं पुटपुटत तिने गणितात एक ओळ लिहिली. पूर्वाला आणि तिच्या बाणाला थोडंसं उजवीकडे ढकलायचं. पूर्वा पुन्हा सरळ उभी राहिली. दोन महिन्यांनी ती पुन्हा घसरू लागली, तेव्हा शमिकाने ढकलणं आणखी थोडं वाढवलं. मला वाटे, ती माझे लाड करते आहे. आम्हा दोघांचं चांगलं जमलं होतं.

तिचा मित्र ऋग्वेद हा खेळ त्याच्या घरी, त्याच्या गेमपॅडवर खेळून पाहायचा आणि मग फोनवर ओरडायचा. "अरे यार शमिका, तेरा तीर जाता कहाँ है? मी मधोमध नेम धरतो आणि तो डायरेक्ट उजवीकडे! दूसरा लेव्हल तो इम्पॉसिबल है!"

"कठीणच आहे भिया. प्रॅक्टिस कर," शमिका म्हणायची (इंदूरात भावाला भिया म्हणतात) आणि त्याचं वाक्य एका चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवायची. कठीण खेळ तयार करणाऱ्यांची रीतच उफराटी असते. तुम्ही-आम्ही ज्याला तक्रार म्हणू, ते त्यांना प्रशस्तिपत्र वाटतं. 'अशक्य', 'डोकं फिरलं', 'फोन फेकून द्यावासा वाटला' अशा त्याच्या आणि खेळून पाहणाऱ्या इतर मित्रांच्या वाक्यांच्या चिठ्ठ्यांनी भिंत भरून गेली होती. जितक्या शिव्या, तितकी शमिका खूश.

गंमत म्हणजे अप्पासाहेबांना तो खेळ मुळीच कठीण वाटत नव्हता. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. नोकरीत असताना ते शाळेतल्या मुलांना रायफलचा नेम शिकवत. दुपारचा चहा झाला की ते मला हातात घेत, चष्मा नाकावर सरकवत आणि तिसऱ्या वेळेला दुसरा टप्पा पार करत. "ये तो आसान है गं," ते म्हणत. "तो ऋग्वेद एवढा का बोंबलतो?"

"अप्पा, तुम्ही नेमबाज आहात ना, म्हणून," शमिका म्हणायची. मलाही ते पटलं होतं. माझी छाती, म्हणजे जी काय असेल ती, फुगली होती.

यंदाच्या उन्हाळ्यात शमिकाला पुण्याच्या एका कंपनीतून नोकरीचं पत्र आलं. सरोजिनीबाई शाळेत शिकवतात, त्यांना पक्कं वेळापत्रक आवडतं. त्या म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत तुझा खेळ. त्यानंतर काही ठरलं नाही तर पुणे. फिर नो बहाना." शमिकाने मान डोलावली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंदूरातच एका सभागृहात नव्या खेळांची निवड होणार होती. तीन खेळ निवडले जाणार होते आणि ते पूर्ण करायला वर्षभर मदत मिळणार होती. नियम एकच होता. सगळे खेळ सभागृहातल्या गेमपॅडवर खेळले जाणार. हे ऐकून मला वाईट वाटलं. चार वर्षं पडलो मी आणि कौतुकाच्या दिवशी दुसरा!

मग आली नवमी. अप्पासाहेबांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, त्यामुळे या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पाटावर जुनी तलवार, अप्पांची एअर रायफल, सरोजिनीबाईंचं लाल पेन आणि यंदा पहिल्यांदाच मी. माझ्यावर हळद-कुंकू पडलं, झेंडूचं फूल ठेवलं गेलं. मी बटणं घट्ट आवरून बसलो. दहा मिनिटांनी शमिका मला उचलायला आली, तेव्हा अप्पांनी तिचा हात धरला.

"पाटावर ठेवलेलं हत्यार सीमोल्लंघनाआधी उचलायचं नाही. घरचा रिवाज आहे."

"अप्पा, परवा सिलेक्शन आहे! मला टेस्टिंग करायचंय!"

"मग दुसरं आण. हे आज आराम करेल."

शमिका पाय आपटत गेली आणि ऋग्वेदचा गेमपॅड घेऊन आली. काळा, चकचकीत, माझ्याकडे ढुंकूनही न पाहणारा. मी पाटावरून पडद्याकडे बघत होतो. पूर्वा उभी राहिली आणि कुणी हात न लावताच उजवीकडे घसरत दरीत पडली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. बाण सोडला तर तो कड्याला न लागता उजवीकडे भरकटला. शमिका म्हणाली, "इसका तो गेमपॅडच खराब आहे." ती शेजाऱ्यांकडून आणखी एक घेऊन आली. त्याच्यावरही तेच. तिचा चेहरा पांढरा पडला. "अप्पा, माझा खेळ बिघडला. कालपर्यंत चांगला होता हो!"

मी मनात म्हटलं, बघा, माझ्यावाचून चालत नाही. किती मूर्ख होतो मी!

अप्पा म्हणाले, "शमी, माझ्याकडे एक पोरगा होता, तुकोजी. आपल्या रायफलीवर दहापैकी दहा. स्पर्धेत दुसरी रायफल दिली तर एकही नाही. तो रडत आला की, स्पर्धेची रायफल वाकडी आहे. मी तपासलं. वाकडी त्याचीच होती. तीन वर्षं तो तिच्या वाकडेपणाला सांभाळून नेम धरत होता आणि त्याला पत्ताही नव्हता."

मग शमिकाने पाटाकडे वळून माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी तिच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. ती भिंतीजवळ गेली आणि चिठ्ठ्या एकेक करून वाचू लागली. 'तीर उजवीकडे जातो.' 'उभं राहिलं तरी पडतो.' 'अशक्य.' "ते खरं सांगत होते," ती म्हणाली, "आणि मी त्यांना प्रॅक्टिस करा म्हणत होते." आणि ती खाली बसून रडली. मला खूप लाज वाटली. पण नेमकी कशाची, ते समजेना. मला वाकवलं तिनेच आणि तिचा खेळ वाकवला मी. मग चूक कुणाची, मित्रांनो?

तो दिवस आणि दशमीची सकाळ तिने ढकलण्याच्या त्या ओळी काढण्यात घालवली. शेवटच्या टप्प्यावर मात्र ती थांबली. तिथली एक ओळ तिने तशीच ठेवली, पण कड्यावर निशाणं रोवली, सुकी पानं उडवली, पूर्वाची ओढणी फडफडवली. "इथे वारा आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "आता तो दिसतो तरी."

दशमीला सोनं वाटून झाल्यावर तिने मला उचललं आणि पहिला टप्पा लावून पाहिला. पूर्वा डावीकडे घसरली आणि दरीत गेली. शमिकाने मला कुरवाळलं आणि म्हणाली, "बिघडलास रे तू." एवढंच ती म्हणाली, पण सरोजिनीबाईंनी ते ऐकलं. त्यांच्या घरी बिघडलेली वस्तू रात्रभर राहत नाही. मी ओल्या कचऱ्यात नाही, सुक्यात नाही, मग कशात, यावर त्यांनी थोडा विचार केला आणि मला वेगळ्या पिशवीत जुन्या बॅटऱ्यांशेजारी टाकलं. माझ्या कपाळावरचं कुंकू अजून पुसलंही नव्हतं.

सकाळी कचऱ्याची गाडी आली. शमिका केव्हाच सभागृहात गेली होती. पिशवी गाडीपाशी पोहोचली, तेवढ्यात अप्पांचा आवाज आला, "सरोज, थांब गं! परवा पुजलेलं हत्यार आज फेकतात का?" त्यांनी मला काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि कापडी पिशवीत टाकून थेट रिक्षात बसले.

सभागृहात परीक्षक देवयानी मॅडम शमिकाचा खेळ खेळत होत्या. मी पिशवीच्या तोंडातून बघत होतो. त्या पडत होत्या, पुन्हा उठत होत्या. बाण जिथे मारला तिथेच जात होता. "पडले तर माझ्या चुकीने पडते," त्या म्हणाल्या, "म्हणून राग येत नाहीये." मग तो शेवटचा टप्पा आला. निशाणं फडफडली. मॅडम चौदा वेळा पडल्या आणि पंधराव्या वेळी वाऱ्याचा अंदाज घेऊन त्यांनी बाण सोडला. तो रुतला. त्या खुर्चीतून उठून ओरडल्या, "क्या बात है! हा वारा कुठून सुचला गं तुला?"

शमिकाचं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या आजोबांकडे गेलं. अप्पांनी पिशवीत हात घातला आणि मला वर धरलं. "याच्यातून," ते म्हणाले. शमिका धावत आली आणि तिने मला सगळ्यांसमोर छातीशी धरलं.

तीन नावांत तिचं नाव दुसरं होतं. पुण्याला नकार कळवण्याचं पत्र सरोजिनीबाईंनी स्वतः लिहून दिलं, त्याच लाल पेनने.

आता शमिकाकडे नवा गेमपॅड आहे. तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी त्याचाच गेमपॅड घेऊन खेळायला लावते आणि त्याची तक्रार भिंतीवर न चिकटवता वहीत उतरवते. मी अप्पांकडे असतो. बाकीच्या टप्प्यांवर मी काही कामाचा नाही. पण दुपारचा चहा झाला की अप्पा तो शेवटचा टप्पा लावतात. ऋग्वेद तिथे अजून पडतो. वारा उजवीकडे ढकलतो, मी डावीकडे ओढतो आणि त्या सोसाट्यात पूर्वा कड्यावर अगदी सरळ उभी राहते. अप्पा म्हणतात, "आसान है."

तर मित्रांनो, मी बिघडलेलो आहे की चांगला आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढंच सांगतो. तुमची वस्तू कधीतरी दुसऱ्याच्या हातात द्या, दुसऱ्याची तुम्ही घेऊन पाहा. आणि एखादा जुना सोबती वाकलेला दिसला, तर त्याला पिशवीत टाकण्याआधी आठवून पाहा, तो कुणाच्या अंगठ्याखाली वाकला.