केळीचं पांघरूण

कडेच्या फाटकाची खिट्टी जराशी उचलून पुढे ढकलली की आवाज न होता निघते, हे नीनाच्या हाताला अजून ठाऊक होतं. बेल वाजवायला हवी होती. घर विकून चार महिने झाले होते. पण दुपार कलत आली होती आणि आज पारा शून्याच्या बराच खाली जाणार होता. वाळक्या पानांची फुगलेली पिशवी काखेत धरून ती आत शिरली.

सकाळपासून तिने चारदा फोनवर हवामान पाहिलं होतं. नव्या अपार्टमेंटमध्ये तिला बसवेना. ही केळीची जात थंडीत तग धरणारी, पण न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तिलाही पांघरूण लागतं. पहिलं दंव पडलं की पानं छाटून खोड कमरेइतकं ठेवायचं, भोवती जाळी उभी करून आत कोरडी पानं ठासून भरायची. घराच्या किल्ल्या देताना सूचनांचा कागदही तिने नव्या मालकांना दिला होता. पण असले कागद वाचतं कोण?

मागच्या कुंपणापाशी येऊन ती थबकली.

केळ छाटलेली होती. जाळी खुंट्यांनी पक्की केलेली, पानं काठोकाठ भरलेली. नीनाची जाळी नेहमी एका बाजूला कलायची. ही सरळ उभी होती. तिने जाळीतून बोट खुपसून पाहिलं. पानं कोरडी होती.

"नीनाकाकू?"

स्वयंपाकघराच्या दारात प्रीता उभी होती. आता हे घर तिचं. नीना ओशाळली.

"सॉरी हं, बेल न वाजवताच... मला वाटलं, विसरला असाल."

"विसरतोय कशाला! कागद फ्रिजवर लावलाय. आत या ना, चहा टाकते."

"नको, घाई आहे." घाई कसली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मग एकच सांगा. जाळीचं वरचं तोंड उघडं ठेवायचं का? ते कागदात नाहीये."

"झाकायचं. बादली पालथी घाल. पाणी आत गेलं की कुजतं. पहिल्या वर्षी मी उघडंच ठेवलं होतं."

"मग?"

"खोड गेलं. मे महिन्यात बाजूने कोंब आले. तोवर रोज उकरून बघत होते मी."

प्रीता हसली. गॅरेजमधून बादली आणून तिने पालथी घातली. नीनाने वर वीट ठेवली.

"कागदाखाली राजेशकाकांचं नाव आहे. काय सुंदर अक्षर आहे हो त्यांचं! आणि किती डिटेलमध्ये लिहिलंय. त्यांना सांगा, सगळं अगदी तसंच केलंय."

"सांगते," नीना म्हणाली.

ती गाडीपर्यंत गेली. पिशवी डिकीत टाकली, गाडी सुरू केली, बंद केली. परत आली तेव्हा प्रीता अंगणातच पाचोळा गोळा करत होती.

"प्रीता, राजेश नाहीये गं. दोन वर्षं झाली. तो कागद त्याने हॉस्पिटलमधून माझ्यासाठी लिहिला होता. झाकायचं तेवढं लिहायचं राहिलं त्याचं."

प्रीताच्या हातातला पाचोळा खाली पडला.

"काकू... तुम्हाला परत हवाय का तो?"

"नको. असू दे फ्रिजवर. बादलीचं तेवढं लिही त्यात."

प्रीताने जाऊन स्वयंपाकघराचं दार पूर्ण उघडलं. नीना पायरीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.