दुसरं बीजभाषण

दंडावर चार डाग एका ओळीत होते आणि पाचवा, जरा मोठा, आतल्या बाजूला. कडा पिवळ्या पडू लागल्या होत्या, मध्ये अजून जांभळं होतं. कातडीखाली सांडलेलं रक्त ठरल्या क्रमाने रंग बदलतं. पिवळा आला म्हणजे आठवडा होत आला. किशोरीने ब्लाउजची बाही खाली ओढली आणि आरशात पाहिलं. डाग झाकले गेले होते.

पनवेलच्या कॉलेजात त्या दिवशी हवामानबदल आणि पर्यावरण शिक्षणाची परिषद होती. जिल्ह्यातले शिक्षक जमले होते. बीजभाषणं दोन. पहिलं पुण्याच्या प्राध्यापकांचं, दुसरं किशोरीचं, खाडी आणि तिवरांवर. कोळीवाड्यातली ही मुलगी इथेच शिकून इथेच जीवशास्त्र शिकवायला लागली, याचा प्राचार्य शोभा मॅडमना कोण अभिमान!

"सर अजून हिमनद्यांवरच आहेत," मॅडम स्टाफरूमच्या दारातून डोकावल्या. "पांढरी अस्वलं यायचीत. तोवर चहा घे. आणि ऐक, ती खाडीतल्या भरावाची स्लाइड तेवढी गाळ ना. भराव टाकणाऱ्या त्याच शेठकडून आजचं जेवण आहे. मागून बोलू आपण."

"बघते," किशोरी म्हणाली.

बघते, हे ती सहा महिने म्हणत होती.

शेठचे डंपर न्हावा शेव्याच्या रस्त्यालगत खाडीत मुरूम टाकत होते. कंटेनर ठेवायला जागा हवी होती. पाणी अडलं, कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या दादूकाकांच्या जाळ्यात मेलेले बोयटं मासे येऊ लागले. शिमग्याच्या आदल्या संध्याकाळी काका डंपरसमोर जाऊन उभे राहिले. किशोरी बांधावर पाण्याचे नमुने भरत होती. डंपरला वळसा घालून काकांच्या मागून एक माणूस आला. त्याच्या हातात चाकं खोलायची लोखंडी टॉमी होती. पहिला घाव जबड्यावर बसला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. दुसरा खांद्यावर. तिसरा काका चिखलात पालथे पडल्यावर, पाठीत. मारणारा वळला तेव्हा मावळतीचा उजेड सरळ त्याच्या तोंडावर होता. तो प्रणित होता, तिचा सख्खा थोरला भाऊ, शेठचा मुकादम.

पोलिसांना तिने सांगितलं, "अंधार पडला होता. दिसलं नाही."

टॉमी ज्याच्या डंपरमध्ये सापडली त्या दयारामला पोलिसांनी उचललं, तो अजून तुरुंगात होता. तो परगावचा, त्याच्यामागे कोणी नव्हतं. काकांचा जबडा वाकडा जुळला, ते पेज पीत आणि म्हणत, "मागनं लागला, पोरी. मी कोनाचं नाव घेऊ?" खरं कळल्यावर आई, रंभा, चुलीपाशी बसून एवढंच बोलली होती, "जबडा जुलला. पोराचं आयुक्ष जुलंल का?"

म्हणून किशोरी पुढे ढकलत राहिली. परीक्षा होऊ देत. गणपती होऊ देत. ही परिषद होऊ दे. मागच्या रविवारी प्रणितने तिच्या लॅपटॉपवर भरावाचा फोटो पाहिला आणि तिचा दंड धरून तिला भिंतीवर आपटलं. "झाडांवर बोल," तो म्हणाला. "मानसांवर बोलायचं नाय."

चहा तसाच ठेवून ती स्टाफरूमबाहेर आली. व्हरांड्यात बेसिनपाशी भामा उभी होती. दयारामची बायको. करंजाड्याच्या इमारतींवर विटा वाहायची; पायांवर सिमेंटची पूड तशीच होती.

"ताई, घरी आले तर तुमचा भाऊ वल्हं घेऊन धावला. म्हणून इथं आले," ती म्हणाली. "तुमी बांधावर होता ना? माझा मानूस सांगतो, ती बाई बाटल्या भरत होती. तिनं बघितलं आसंल."

"आज नको, भामा," किशोरी म्हणाली. " माझं भाषण आहे. उद्या ये."

"उद्या रोज येतो, ताई."

तेवढ्यात जिन्यावरून प्रणित वर आला. जेवणाचे टोप घेऊन टेम्पो आला होता आणि त्याबरोबर तोही. खांद्यावर टॉवेल, हातात रश्शाचा डाव. भामाला पाहून तो थांबला.

"तू इथंबी आलीस?"

"बहिणीशी बोलते तुमच्या. तुमाला काय झोंबलं?"

डाव खाली पडून खणखणला. प्रणितने तिचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं खिडकीच्या गजावर आदळलं. गज थरथरले. त्याने पुन्हा आदळलं. भामा ओरडली नाही, तिच्या तोंडून नुसती हवा गेली. भुवईवरची कातडी फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. किशोरी मध्ये घुसली, दोन्ही हातांनी त्याचं मनगट ओढू लागली.

"सोड, दादा! मरेल ती!"

त्याचा कोपर तिच्या ओठावर बसला. दात ओठात रुतला, तोंड खारट झालं. प्रणितने भामाला ढकलून दिलं. ती बेसिनच्या कडेवर आपटून फरशीवर पडली आणि तिथेच हात पोटाशी घेऊन वळली. त्याने लाथ उचलली तसं सभागृहाचं दार उघडलं. आत टाळ्या चालू होत्या. शोभा मॅडम आणि त्यांच्यामागे पाचसात शिक्षक बाहेर आले.

प्रणितने पाय खाली टेकवला. टॉवेलने हात पुसले.

"घसरली बिचारी," तो म्हणाला. "फरशी वली हाय तुमची, मॅडम. किशी पन सावरायला गेली, तिलाबी लागलं."

"अगं बाई!" मॅडम वाकल्या. "या बेसिनपाशी नेहमी पाणी सांडतं. किती वेळा सांगितलं शिपायाला!"

"पेव्हर ब्लॉक बसवा म्हटलं होतं मी," एक शिक्षक म्हणाले. कोणीतरी रुमाल पुढे केला. आतून निवेदकाचा आवाज येत होता: यानंतर आपल्याच मातीतल्या, निर्भीड अभ्यासक...

भामा भिंतीला टेकून बसली. एक डोळा रक्ताने मिटला होता. उघड्या डोळ्याने ती किशोरीकडे पाहत होती. पडले की पाडलं, हे तिला कोणी विचारलंही नाही.

प्रणितने किशोरीच्या खांद्यावर हात ठेवला. बोटं रुतवली. "जा गो. नाव घेतात तुजं. चल, तोंड धू."

"चल, किशोरी," मॅडम म्हणाल्या. "हिला मी पाठवते दवाखान्यात. लोक थांबलेत."

किशोरीने त्याचा हात खांद्यावरून काढला. ओठातलं रक्त ती बेसिनमध्ये थुंकली. आईचा चेहरा समोर आला, तो तिने जाऊ दिला नाही. त्या चेहऱ्याकडे पाहतच ती बोलली.

"मॅडम, ती घसरली नाही. यानं तिचं डोकं गजावर आपटलं."

"किशे," प्रणित म्हणाला.

"दादूकाकांनाही यानंच मारलं. दयारामनं नाही. मी बांधावर होते. उजेड होता." ती वाकली आणि तिने भामाला हात दिला. "माझं भाषण रद्द करा. मी भामाला घेऊन पोलिसात जातेय. आत्ता."