दारूवरची गोळी

मी चटकन बोलते आणि ठाम बोलते. पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे, ते निम्मं या बोलण्यावरच चालतं. डॉक्टरांकडे बसून जे कळत नाही ते लोक माझ्याकडून दोन वाक्यांत समजून घेतात. 'उज्वलानं सांगितलंय' म्हटलं की पार डोंगरातल्या कुडपण गावापर्यंत विषय संपतो.

म्हणूनच कुडपणची येसूबाईकाकू आली तेव्हा मी फारसा विचार केला नाही. तिचा नवरा, म्हणजे माझे चुलतकाका भागोजी, मुंबईची नोकरी आटोपून गावी परतले होते आणि आधी अधूनमधून प्यायचे ते आता रोज संध्याकाळी प्यायला लागले होते. काउंटरवर वाकून काकू हळू आवाजात म्हणाली, "उज्वला गो, दारूवर काय औषद हाय काय?"

होतं की. आदल्याच आठवड्यात एका कंपनीचा माणूस यकृताच्या गोळ्या ठेवून गेला होता. भुईआवळा, कुटकी, पुनर्नवा. डबीवर हिरवं पान आणि खाली 'मद्यपान करणाऱ्यांच्या यकृतासाठी आधार' असं छापलेलं. असल्या गोळीनं दारू सुटत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण काकूचा चेहरा बघून तिला रिकाम्या हाती पाठवणं जिवावर आलं.

"ही दारूवरचीच," मी म्हणाले. "सकाळी दोन, संध्याकाळी दोन. अजिबात चुकवायच्या नाहीत."

काकूनं ते मनावर घेतलं. डबी संपली की ती दुकानात हजर. दुसरी नेली, तिसरी नेली. "एक दिस खाडा नाय," असं अभिमानानं सांगायची. मीही अशी शेफारले की चार गिऱ्हाइकांना काकांचं उदाहरण दिलं.

चौथी डबी न्यायला दोघं मिळून आली. काकांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी काउंटर सोडून बाहेर आले.

"काका, पिणं कमी झालंय ना?"

"कमी कसं व्हईल? गोळ्या चालू हायत ना."

"म्हणजे?"

"तूच सांगलंस, दारूवर घ्यायच्या. संध्याकाळी तर मी घ्यायचोच. आता औषदासाठी सकाळची पन घ्यावी लागते." काकांनी मान ताठ केली. "नुसत्या पोटी गोळी नाय घेतली कधी."

दुसऱ्या कुणाचे काका असते तर मी पोट धरून हसले असते. "आणि सकाळी देतं कोण?" मी विचारलं.

"मीच," काकू म्हणाली. "सव्वीस वर्सं त्या बाटलीला हात नवता लावला. पन औषद हाय म्हटल्यावर काय करनार? मोजून वतते."

लाज वाटली, आणि संताप आला तो माझा मलाच.

दुकान बंद केलं, रिक्षा केली आणि दोघांना महाडच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, यकृताला बरीच सूज आहे, पण अजून वेळ गेलेली नाही. दारूचा थेंब नको. एकदम सोडताना त्रास होतो, तेव्हा चार दिवस इथंच राहा. त्या गोळ्याही बंद. त्यांनी काही बिघडवलंय का ते बघावं लागेल.

बाहेरच्या पॅसेजमध्ये मी काकूला सगळं सांगितलं. दारूवर म्हणजे दारूच्या विरुद्ध, दारू पिऊन त्यावर नव्हे. आणि खरं तर ती गोळी दारूच्या विरुद्धही नव्हती. "चूक माझी आहे, काकू," मी म्हणाले.

ती चिडली नाही. "मी सव्वीस वर्सं सांगत आले, पिऊ नको. माझं त्यानं ऐकलं नाय. तुझं ऐकून तो सकाळची पन प्यायला लागला. आता तूच सांग."

मी आत गेले. काका खाटेवर बसले होते.

"काका, दारू बंद."

"किती दिस?" औषध घेताना सगळे विचारतात तसं त्यांनी विचारलं.

"कोर्स पुरा होईपर्यंत."

"आनि कोर्स कवा पुरा व्हतो?"

दुकानात बोलते त्याच आवाजात मी म्हणाले, "तुम्ही आहात तोवर चालू."

दारात उभ्या असलेल्या काकूकडे बघून काका म्हणाले, "ऐकलंस ना गो? घरी गेल्यावर सकाळची वतू नको."

काकू दाराची चौकट धरून रडायला लागली.